डावखुरी गाठ

उस्ताद, तुमचा टेस्ट लॅम्प तुम्ही त्याला देऊन वीस वर्षं होऊन गेली, पण माझी जळजळ अजून गेलेली नाही. एक बल्ब, दोन वायरी, एक चिमटा. बाजारात कुठेही मिळतो. पण तो तुमच्या हातातला होता. शनिवार पेठेतल्या तुमच्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात मी आणि तो बरोबरच शिकायला लागलो. शटर मी उघडायचो, तुमचा चहा मी आणायचो, आणि नजर अधू झाल्यावर "घे, तुझ्याकडे राहू दे" असं तुम्ही म्हणालात ते त्याला. माझ्यासमोर. मी हसलो होतो. ते हसू खोटं होतं, हे तुम्ही गेल्यावर आज सांगतो.

गेल्या महिन्यात माझ्याकडे लष्कराच्या लिलावातली ती ॲम्ब्युलन्स आली. आठवते ना? तिच्या मालकाने तेव्हा हौसेने घेतली, आपल्याकडून वायरिंग करून घेतलं आणि मग इतकी वर्षं शेडमध्ये नुसती उभी ठेवली. ते काम चाललं तेव्हा मी हात मोडून घरी बसलो होतो. तुम्हाला धड दिसत नव्हतं, म्हणजे हात त्याचेच. या गाडीला बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस मिळतात. पेटी उघडली तर एकाच बॅटरीवरून बारा व्होल्टच्या कॅसेट प्लेअरसाठी वायर काढलेली. उस्ताद, मला पेढे वाटावेसे वाटले. हीच चूक मी एका ट्रकमध्ये केली होती. अजून दिसतं मला: तुम्ही पक्कड खाली ठेवता, सगळ्या दुकानासमोर म्हणता, "दोघं एका ताटात जेवतायत आणि तू एकाचाच घास पळवलास. हा उपाशी मरेल, तो खाऊन फुटेल." तो कोपऱ्यात उभा राहून ऐकत असतो. त्याला तुम्ही असं कधीच बोलला नाहीत.

लगेच फोन लावला. म्हटलं, "काय रे, उस्तादांचा लाडका तू. तुझी कलाकुसर सापडली, बघायला येतोस का?" मग सगळं रंगवून सांगितलं. तो एवढंच म्हणाला,

"हो, माझीच चूक ती. काढून टाक."

"उस्तादांना कळलं असतं तर?"

"म्हणून तर म्हणतो, काढून टाक. कुणाला बोलू नकोस."

मी मजेत शीळ घालत वायरीवरची चिकटपट्टी सोडवायला घेतली. आत काळा दोरा होता. काम पुरं झालं की दोरा बांधायची पद्धत तुमची, आम्ही दोघांनीही ती उचलली. पण तुम्ही डावखुरे. तुमची गाठ उलटी पडायची, आणि ती आम्हाला कधीच जमली नाही. हा दोरा उलट्या गाठीचा होता. गाठ न सोडवता मी तो वायरीवरून सरकवून काढला. वायर तुम्ही काढली होती, न दिसणाऱ्या डोळ्यांनी, आणि तो शेजारी होता. त्याला ते कधी कळलं, मला माहीत नाही. आज त्याने ती चूक एका वाक्यात स्वतःवर घेतली. त्याच्या जागी मी असतो तर संध्याकाळपर्यंत नाना पेठेतल्या सगळ्या स्पेअर पार्टवाल्यांना तुमचं नाव सांगून मोकळा झालो असतो. लॅम्प त्याला का दिलात ते कळलं. कळून जळजळ वाढलीच.

वायर काढली. दोन्ही बॅटऱ्या आता बरोबरीने चार्ज होतात, मागचा दिवा स्वच्छ लागतो. गाठ दिसली, हे मी त्याला सांगितलेलं नाही. लॅम्प त्याच्याकडे आहे. दोरा माझ्या खिशात आहे, आणि तो मी त्याला दाखवणार नाही.