वांग्याच्या रोपांना अतिनील दिवा

७ मे २०२५
रोपं पुन्हा आडवी! वांग्याची रोपं म्हणायची की शिवणाचे दोरे? सोसायटीने गच्चीवर पारदर्शक पत्रे घातलेत. सेक्रेटरी म्हणतो, "काका, ऊन येतंच की. फक्त अतिनील अडतं." फक्त! तेच अतिनील रोपाला बुटकं आणि दणकट ठेवतं — कॉलेजात नाही, वाचून शिकलोय मी. हे सांगितलं तर म्हणे, "मग गावी जाऊन करा शेती!"

गावी, लोणी काळभोरला, धाकटा भाऊ सोनबा आहे. त्यानेच रोपं मागितलीत. "दादा, आईच्या वांग्याचं बी तुझ्याकडंच हाय. औंदा माझ्या रानात लावू." आयुष्यात प्रथमच माझ्याकडे काही मागितलं त्याने. होतं नव्हतं ते सगळं बी पेरून बसलोय.

११ मे
सापडलं! पाणी शुद्ध करायच्या जुन्या मशीनमध्ये अतिनील नळी असते. काढली, जोडली, संध्याकाळभर ट्रेवर टांगली. निळसर उजेड. कौतुकाने बघत बसलो.

१२ मे
डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं. लिहवत नाही.

१४ मे
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, वेल्डिंग करता की काय?" डोळे निवळले, पण रोपं गेली. पानं तांबूस, भाजल्यासारखी चुरगळलेली. बायको मुक्ताई कडाडली, "अहो, जंतू मारायचा दिवा तो! रोपांना काय अंगाईगीत म्हणणार होता?"

खरंच आहे तिचं. उन्हातलं अतिनील सौम्य. नळीतलं जीव घेण्यासाठीच बनवलेलं. पुस्तकाच्या त्या पानापर्यंत मी पोचलोच नव्हतो. शहाणा!

सुदर्शनचा फोन. "बाबा, रोपं गेली तर जाऊ देत, दुसरा छंद बघू." छंद! पोटच्या मुलाला एवढंही कळू नये?

१५ मे
ट्रेच्या काठाआड दडलेली थोडी वाचलीत! मुक्ताईने स्वतः ट्रे उचलून खाली कंपाउंडच्या भिंतीवर ठेवला. आधी सकाळचं कोवळं ऊन, मग हळूहळू जास्त. मला हात लावू देत नाही.

२ जून
दांडे जाड झाले, जांभळट झाक आली. हात फिरवला तरी मान टाकत नाहीत. उद्या लोणी! सोनबाला कळवलं नाही, चकित होईल.

३ जून
मीच झालो.

रानाच्या जागी गोदाम. सोनबा खाली बघत म्हणाला, "दादा, माझ्या वाटणीचं रान कवाच इकलं. सुदर्शन म्हणला, बाबा घरात बसून खचत चाललेत, तुम्ही रोपं मागा. मला न्हाई म्हणवलं न्हाई."

भांडलो नाही. ट्रे त्याच्या ओट्यावर ठेवला आणि बस धरली.

घरी आलो. मुक्ताईने पाणी दिलं. सोनबाला रोपं आवडली का, हे तिने विचारलंच नाही.