काचेतला ग्लव्ह

ग्लव्ह काचेत घालून वर स्क्रू आवळलेस, जयदीप, आणि मलाच म्हणालास, "ताई, शंभर वर्षांच्या वस्तूला डाग पाडलास." खंडेनवमीला हळदकुंकू लावलं, हो, लावलं. हत्याराची पूजा करतात आणि दुसऱ्या दिवशी ते कामाला घेतात. भिंतीवर टांगत नाहीत.

मी, सुनेत्रा वामन ढोबळे, वय ५८, चौथी पास, राहणार भावाच्या बेसमेंटमध्ये, मिल्टन. शुक्रवारी हॅमिल्टनला पोटाची सर्जरी आहे. गाठ वाईट आहे. डोकं ठिकाणावर आहे, कोणाची जबरदस्ती नाही, म्हणून लिहिते.

एक. शिवणयंत्र आणि पितळी डबे भावजय यामिनीला. डबे डिशवॉशरमध्ये घालू नये, आधीच दोन काळे केलेत. बँकेत असेल ते माझ्या जाळण्याला.

दोन. ग्लव्ह माझा आहे. डोरोथीबाईंनी दिला. हॅमिल्टनला मी त्यांच्याकडे कामाला होते, शेवटपर्यंत त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं. त्यांचे वडील विल्फ हार्कनेस बेसबॉलमध्ये आउटफिल्डला, म्हणजे पार मागे कुंपणाशी उभे राहायचे. १९१२ साली अमेरिकेच्या मोठ्या लीगने उचलले. दोन वर्षं गाजले. तिसऱ्या उन्हाळ्यात उंच चेंडूमागे धावताना लाकडी कुंपणावर आपटले. मनगट मोडलं, चेंडू सोडला नाही. पुढचं वर्ष मालकांनी खेळवलंच नाही, नुसतं बाकावर बसवलं, मग घरी धाडलं. उरलेला जन्म स्टीलच्या कारखान्यात. तरी बर्फ वितळलं की हा ग्लव्ह घालून अंगणात उभे राहायचे आणि लेकीला म्हणायचे, टाक. जाताना डोरोथीबाई माझा हात धरून म्हणाल्या, "त्याला परत बसवून ठेवू नकोस. कुणाचा तरी हात असू दे आत." मी हो म्हटलं. बाक काय असतो मला ठाऊक आहे. तुझी ईशिता मोठी झाली आणि या घरात माझं काम संपलं.

तीन. ग्लव्ह भाची ईशिताला. तीही बेसबॉलमध्ये मागेच, कुंपणाशी उभी असते. तू म्हणतोस, खेळता येत नाही त्यांना तिथे ठेवतात. एक मॅच तरी बघितलीस? मॅचला नको, चामडं जुनं आहे, बॅकयार्डात घालू दे. मी तेल चोळून मऊ ठेवलाय.

चार. माझा फोटो भिंतीवर लावू नये.

साक्षीदार, शेजारचे: अरुणा चांदूरकर, चंद्रकांत चांदूरकर. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.
सही: सुनेत्रा ढोबळे
मिल्टन, मंगळवार, १४ एप्रिल २०२६

चंद्रकांतराव म्हणतात, पुढचं मृत्युपत्रात लिहीत नसतात. लिहिते. मेल्यावर काच उघडलीस की नाही, मला कसं कळणार? गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आत जिना उतरून खाली ये आणि तोंडाने सांग, पोरीला ग्लव्ह देतोस की नाही. नाही आलास तर शुक्रवारी पहाटे सर्जरीला जायला तुझ्या गाडीत मी बसणार नाही.