पाकिटातला आकडा

प्रिय ताई,

काल तुझे चार फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही. घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. दर तीन महिन्यांनी रक्त तपासलं की किडनी कशी चाललीय ते सांगणारा क्रिएटिनिनचा आकडा तासाभरात तुला कळवायचा, हा सोळा वर्षांचा शिरस्ता या वेळी मी मोडलाय, आणि मुद्दाम मोडलाय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

चौतिसाव्या वर्षी माझ्या दोन्ही किडन्यांनी राम म्हटला, तेव्हाची माझी दशा तुझ्याइतकी कुणी पाहिली नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिसचं मशीन. लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करणारा मी, पण चार पायऱ्या चढलो की धाप लागायची. बायकोचा रक्तगट जुळेना. दादा म्हणाला, विचार करून सांगतो. अजून करतोय बिचारा. तू मात्र कुणाला न सांगता सगळ्या तपासण्या करून आलीस आणि डब्याच्या पिशवीतून रिपोर्ट काढून माझ्या मांडीवर ठेवलेस, वर्गात तपासलेली वही परत द्यावी तसे. पुढे दवाखान्याच्या समितीने तुला विचारलं, की कुणाचा दबाव तर नाही ना. तू म्हणालीस, "दबाव कसला? याला पहिल्यापासून माझं अर्धं घ्यायची सवय आहे. पेन्सिल मोडून दिली, खोडरबर कापून दिला, आता हे." समितीतले लांबट चेहऱ्याचे वकीलसुद्धा हसले. मला मात्र रडू आवरेना.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी तू पोटाशी उशी धरून, भिंतीच्या आधाराने माझ्या खोलीच्या दारापर्यंत आलीस. तुझं दुखणं माझ्यापेक्षा जास्त होतं, हे डॉक्टरांनीच मला सांगितलं. आत यायची तुला परवानगी नव्हती. तू माझ्याकडे बघितलंच नाहीस, पलंगाला लटकलेली लघवीची भरलेली पिशवी तेवढी बघितलीस, मान डोलावलीस आणि परत फिरलीस. दोन महिन्यांनी फळ्यापुढे उभी राहून गणित शिकवत होतीस. एवढं देऊन इतक्या सहज विसरून जाणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही गं. मी कुणापुढे तुझे गोडवे गायला लागलो की तू विषय बदलतेस. पत्रात तुला ते जमायचं नाही.

तुझ्या त्या भाडेकरूने, किडनीला तूच ठेवलेलं नाव, माझ्या घराचं सोनं केलं. पहिल्या वर्षी शरीराने तिला हाकलायचा एक प्रयत्न केला, तेव्हा सगळ्यांचं धाबं दणाणलं, पण ती टिकली. सकाळी आठ आणि संध्याकाळी आठच्या गोळ्या मी एकदाही चुकवल्या नाहीत. तेव्हा दुडुदुडु चालणारी माझी लेक आता कॉलेजात जाते. माझ्या वजनाने नव्वदी गाठली, तरी तुझ्यासाठी मी बारक्याच.

तर सोमवारी काय झालं, दवाखान्यातल्या नव्या सिस्टरने माझी फाइल उघडली. तिच्यात किडनी देणाऱ्याचंही एक पान असतं, हे मी साफ विसरलो होतो. देणाऱ्यानेही दरवर्षी रक्तदाब, लघवी, रक्त तपासून घ्यायचं असतं. तुझी शेवटची नोंद चौदा वर्षांपूर्वीची. मी म्हटलं, ताई अगदी मजेत आहे. सिस्टरने चष्म्यावरून बघत विचारलं, की त्यांची लघवीसुद्धा तुम्हीच देता का. बाहेर येऊन मी भाचीला फोन लावला. तिने सांगितलं, हल्ली संध्याकाळी तुझे घोटे सुजतात, डोकं दुखतं, आणि दवाखान्याचं नाव काढलं की तू म्हणतेस, "बारक्याचा रिपोर्ट चांगला आलाय ना? जोडीतली एक बरी आहे, म्हणजे दुसरीही बरीच असणार." तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईने असं गणित मांडावं? आणि मी तरी कोण शहाणा! चालू लिफ्टच दरवर्षी तपासायची असते, बंद पडलेली तर लोकच दाखवतात, हे मी प्रत्येक इमारतीत ऐकवतो. तुला मात्र सोळा वर्षांत एकदाही विचारलं नाही. दर वेळी आपला आकडा सांगितला, शाबासकी घेतली आणि फोन ठेवला. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

म्हणून गुरुवारची तुझी वेळ मी ठरवली आहे. सकाळी आठला न्यायला येतोय, उपाशी राहा आणि शाळेत रजा टाक. माझा आकडा पाकिटात बंद करून खिशात आणीन. तू रक्त दिल्याशिवाय ते उघडणार नाही. रागव, काही म्हण, पण चल. मला भीती वाटते गं. सूज साधीच असेल, देव करो आणि तसंच असो. पण काही निघालंच तर उशीर झालेला नको. कारण तुला गरज पडली, तर रांगेत पहिला मी उभा राहीन खरा, पण द्यायला माझ्याकडे चालणारी एकच आहे, आणि ती तुझीच आहे.

तुझाच,
बारक्या