कुरकुरीची जागा मागच्या खोलीत

त्या सकाळी मी नेहमीसारखं शटर वर केलं, काचेचे तुकडे झाडून भरले, चहा टाकला आणि काउंटर पुसायला घेतलं. तेवढ्यात एक नर्सबाई बहिणीचा फोटो घेऊन आल्या. बहीण नुकतीच गेली होती. आमच्या ह्यांनी फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "पिवळा पडलाय. कागदच भिकार. फ्रेम केलीत तरी चेहरा काही टिकायचा नाही." बाईंनी फोटो रुमालात गुंडाळला आणि त्या निघून गेल्या. फ्रेमच्या दुकानात लोक आपलं गेलेलं माणूस हातात धरून येतात. तिथे असं बोलतात?

हे आधी लिहिलं, कारण खालच्या वाटण्या त्या सकाळपासूनच सुरू होतात.

मी, फ्रेमवाल्यांची विधवा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय, माझ्या हाताने लिहीत आहे. काचा गुंडाळायला येणाऱ्या रद्दीवर मी वाचायला शिकले. तेव्हा खाली अंगठा शोधू नये, सही आहे.

१. राहतं घर मुलाला. दुकानात त्याला रस नाही, आणि तसं तो तोंडावर सांगतो. मनात ठेवून कुढत नाही, हे मला आवडतं.

२. मोजपट्टी दिरांना. त्याचं कारण असं. नर्सबाई गेल्या त्याच दुपारी मी ह्यांना म्हटलं, "कुरकुर करायची तर मागच्या खोलीत, हातात पॉलिशपेपर घेऊन. गिऱ्हाइकासमोर तोंड बंद."

"मी काय नोकर आहे?"

"मालक आहात. म्हणून माल चांगला द्या."

जीभ थांबली नाही, पण हातही थांबला नाही. हवा, गुडघा, पाहुणे, सगळ्यांचा उद्धार करत ह्यांनी लाकडाच्या पट्ट्या अशा घासल्या, की बोट फिरवावं तर रेशीम. लांबलांबची गिऱ्हाइकं येऊ लागली. ही युक्ती माझी, आणि ती मी अभिमानाने माझ्या नावावर नोंदवते. तरी दीर म्हणालेच, "वहिनी, दादाला कोपऱ्यात बसवलंत, लोक हसतात." दुसऱ्यांचं मोजण्यात त्यांचा जन्म गेला, पट्टी उपयोगी पडेल.

३. दुकान लेक आणि सून या दोघींना, निम्मं निम्मं. एकीला दुसरीशिवाय विकता येणार नाही.

लेकीची जीभ बापाची. नोकरी लागली की साहेब वाईट, मैत्रीण झाली की ती लबाड. माणसं कंटाळून एकेक करून गळाली. आज तिला फोन करणारी मी एकटी. माझ्यामागे तो फोन वाजणार नाही, ही माझी खरी काळजी; बाकी मला मरणाची घाई नाही आणि भीतीही नाही.

म्हणून सून पुढे, लेक मागच्या खोलीत. याचा कच्चा खर्डा वाचून दाखवला तेव्हा लेक उसळली, "म्हणजे ती पुढे मिरवणार आणि मी मागे भुसा खाणार?"

"हो. पण चहा दोघींनी एकत्र प्यायचा."

सून म्हणाली, "ताई, आत शिव्या द्याल त्या जरा मोठ्याने द्या. मला बाहेर करमत नाही."

लेक हसली. बापासारखीच, नको नको म्हणत.

४. काच कापायची हिरकणी सुनेला. ह्यांचा घासायचा लाकडी ठोकळा लेकीला. त्यावर अंगठ्याच्या जागी खळगा पडला आहे, तो भरू नये.

५. वकीलबाई म्हणतात, सहीखाली काही लिहायचं नसतं. म्हणून वरच लिहिते. हे गेले त्या दिवशी मागची खोली पहिल्यांदा गप्प होती. ह्यांच्या फोटोला फ्रेम हवी होती. सगळे म्हणाले, "राहू दे, नंतर बघू." दुसऱ्या दिवशी मी शटर उघडलं, मागे जाऊन तो ठोकळा हातात घेतला, आणि ह्यांच्या नावाने मोठमोठ्याने कुरकुर करत पट्टी गुळगुळीत होईपर्यंत घासली.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
तारीख: ११ मार्च २०१९
सही: फ्रेमवाली (पूर्ण नावाची सही प्रत्येक पानावर आहे)

आमच्यासमोर सही झाली:
साक्षीदार १: समोरचा शिंपी
साक्षीदार २: नर्सबाई, आता निवृत्त. बहिणीचा फोटो शेवटी इथेच फ्रेम झाला. चेहरा अजून आहे.