भोकांचा बंदोबस्त

१२ मे
आजपासून मी टनेलवाला! सासरे रुद्रय्यामामा यांनी घाटातल्या छोट्या बोगद्याचं वॉटरप्रूफिंग माझ्यावर सोपवलं. शिरोळकडच्या निम्म्या शेततळ्यांना प्लॅस्टिकचा कागद मीच घातलाय. बोगदा म्हणजे पालथं तळं. हे जमलं की मामा मला पार्टनर करणार. बायको, पवित्रा, म्हणाली, आधी ड्रॉइंग बघा. बघणार आहे.

१५ मे
इंजिनिअर सईमॅडमनी समजावलं. खडकाला आधी फेल्ट, म्हणजे पांढरं घोंगडं. त्यावर मेम्ब्रेन, म्हणजे आपला कागदच. मग काँक्रीट. खडकातलं पाणी घोंगड्यातून खाली उतरतं, पुढं तळाच्या पाइपचं काहीतरी सांगत होत्या, तेवढ्यात चहा आला. बाकी अंदाज आला.

२० मे, दुपारी
पाइप आले. सगळ्यांना भोकं! जयसिंगपूरच्या दुकानदाराला फोनवर झाडला. तो म्हणाला, पावणं, भोकं असत्यातच की त्याला. निर्लज्ज.
ड्रॉइंग राहिलं. उद्या नक्की.

२१ मे
माल परत करत बसलो तर काम रखडेल. एकेक भोक स्वतः एपॉक्सीनं बुजवलं. तळ्यात एक भोक राहिलं की तळं गेलं. ही नजर अनुभवानंच येते. सईमॅडम रजेवर. आल्यावर खूश होतील. सध्या कुणाला सांगत नाही, बढाई वाटेल.

२८ जून
काँक्रीट पूर्ण. बोगदा खडखडीत कोरडा. पवित्रानं विचारलं, मग डोंगरातलं पाणी गेलं कुठं? नवऱ्याचं कौतुक म्हणून नाही.

१८ जुलै
भिंतींना घाम येतोय. दमट हवा.

२ ऑगस्ट
मामा पाहणीला आले. नवं पांढरं धोतर. मजबुती दाखवायला मी भिंतीवर थाप मारली. सांध्यातून फवारा थेट मामांच्या तोंडावर. सईमॅडमनी विचारलं, तळाच्या पाइपांतून थेंबही का येत नाही? मी अभिमानानं सांगून टाकलं. मॅडमनी ड्रॉइंग उलगडून पाइपच्या भोकांवर बोट ठेवलं. मामा टोपी पिळत म्हणाले, जावईबापू, तळं झकास झालंय की! आता मासं सोडा.
चेष्टेत म्हणाले असतील.

५ ऑगस्ट
काँक्रीटला मुद्दाम भोकं पाडायचं काम सुरू झालं. मामांनी पार्टनर केलं पवित्राला. मामांनी मला विश्रांती दिली. अतिश्रम झाले होतेच.
संध्याकाळी घरची मोरी तुंबली. मी बाह्या सारून उठलो. पवित्रा म्हणाली, तुम्ही बसा, प्लंबर येतोय.