भरल्या गाडीचा ब्रेक

वैनी,

ब्रेकची एक तार कालच्या धडकेत तुटली, नवी आणाले अकोल्याले चाललो. मोटारीच्या चाकाखालच्या विटा कोणाले काढू देऊ नोका, दादाले तर नाहीच.

काल कौंडण्यपूरच्या जत्रेले जाताना गाडी थांबली नाही अन् बाभळीले जाऊन धडकली. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, वैनी ओरडल्या म्हणून माझा पाय चुकला. पाय चुकला नव्हता. या जुन्या गाडीचे ब्रेक तारांनी ओढल्या जाते, अन् त्या तारा मी रिकाम्या गाडीत ताणल्या होत्या. तुमी सगळे बसले, गाडी खाली दबली अन् तारा सैल पडल्या. हे मले तिथंच समजलं होतं.

घरी आल्यावर दादा तुमाले म्हणे, "बाईमाणूस गाडीत घेतलं का असंच होते." तुमच्या कपाळावर पट्टी होती, तरी तुमी वाढत होत्या. मी मान खाली घालून भाकर मोडत राह्यलो.

दादाले तोंडानं सांगाची हिंमत झाली नाही. ही चिठ्ठी त्याले वाचाले द्या.

नवी तार भरल्या गाडीतच ताणा लागते. संध्याकाळी मागच्या सीटवर कोणीतरी बसाले पाह्यजे. तुमाले बसा म्हणाले मले तोंड नाही.

मोतीराम