तळपाय शाबूत

७ फेब्रुवारी १९४४, सोमवार

आजपासून रोजनिशी. एजंटानं काहीही लिहून ठेवू नये असं ट्रेनिंगमध्ये बजावलं होतं. पण तो नियम सामान्य एजंटांसाठी असणार.

वय बेचाळीस. हुद्दा उमेदवार एजंट. प्रोबेशन तीन महिने, मग कायम. साताऱ्याच्या हेड ऑफिसात आठ दिवस ट्रेनिंग झालं: पाळत, वेशांतर, पलायन. पिस्तूल दाखवलं, दिलं नाही. शिट्टी दिली. नेमणूक कंपनीच्या पलूसकडच्या कापूस-जिनात. वरवर टाइमकीपर. खरं काम, कामगारांपैकी भूमिगतांच्या प्रतिसरकारला कोण सामील आहे ते हुडकून रिपोर्ट धाडणं. हे गुपित फक्त हेड ऑफिस, मॅनेजर लालासाहेब आणि मी एवढ्यांनाच ठाऊक. (बायकोला, अनसूयेला, सांगावं लागलं. वाईत शेजारणींसमोर हसली. संसारात राहून देशाचं इंटेलिजन्स सांभाळणं कठीण.)

स्टेशनावर कंपनीची बैलगाडी आली होती. गाडीवानानं विचारलं, "नवं खबरे तुमीच न्हवं?" मी करड्या आवाजात म्हणालो, टाइमकीपर. "त्येच म्हंतो मी," म्हणाला. खेडवळ माणसं अंधारात दगड मारतात. एखादा लागतो.

९ फेब्रुवारी, बुधवार

कंपाउंड नमुनेदार आहे. भोवती काटेरी तार, कोपऱ्यावर माच, माचावर बंदूकवाला. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर पाणी प्यायचं. कामावर बोलल्यास दंड, गाणं म्हटल्यास छडी. सरकारसाठी सक्तीनं गोळा केलेलं धान्य आमच्याच गोदामात. तारेबाहेर बाया रिकाम्या टोपल्या घेऊन दिवसभर उभ्या. शिस्त म्हणजे काय ते इथं दिसतं.

कामगारांची खानावळ रंगूबाई चालवते. मला एकच भाकरी वाढली. दुसरी मागितली तर म्हणाली, "खबऱ्याला येकच." बाईला माझ्या पचनाची काळजी दिसते.

काट्यावर वजन करणारा कोंडीबा हा एकच माणूस विश्वासाचा. नम्र, कष्टाळू. रोज स्टेशनावर टपाल तोच नेतो. माझे रिपोर्ट त्याच्याच हाती देतो. आजचा रिपोर्ट: जोतीराम नावाचा हमाल शीळ घालतो. खुणेची असावी.

१२ फेब्रुवारी, शनिवार

रिपोर्टची एक प्रत लालासाहेबांनाही देत असतो. त्यांनी जोतीरामला आवारात उभं करून छडीच्या मुठीनं तोंड फोडलं. दोन दात मातीत पडले. त्यानं ते वेचून खिशात घातले आणि पुन्हा गासडी उचलली. शीळ मात्र बंद झाली, म्हणजे खुणेचीच होती. माझं पहिलं यश.

संध्याकाळी फाटकावरचा हंबीरराव वॉचमन मुद्दाम येऊन बोलला. जुना पलटणीतला माणूस, मागल्या महायुद्धात बसऱ्याला होता. मिशा पांढऱ्या, बंदूक त्याहून जुनी. म्हणाला, "तात्या, त्ये पोरगं म्हशीला हाका मारायची शीळ घालतंय. लहानपणापासनं." मी नुसतं हसलो. भोळा आहे.

१६ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी फाटकासमोरून बैलगाडी गेली. आत आष्ट्याकडचा कुणी खबऱ्या उताणा पडलेला. पाय गाडीच्या दांडीला वर बांधलेले, कारण ते कशालाच टेकवता येत नव्हते. तळवे डाळिंबासारखे उललेले. भूमिगतांनी त्याला झाडाला उलटा टांगून तळव्यांवर काठीनं मारलं. ह्याला इकडे पत्र्या ठोकणं म्हणतात. खरोखरच पत्रे ठोकतात, घोड्याच्या नालासारखे, असंही कुणीकुणी सांगतं. गाडी ज्या दगडावर आदळे, त्या दगडावर तो ओरडे.

मला भीती वाटली नाही. जेवलो नाही, ते पित्तामुळे.

हेड ऑफिसला तातडीचा रिपोर्ट: जाड तळाचे बूट धाडावेत. नंतर लक्षात आलं की मारताना बूट काढत असणार. रिपोर्ट गेला होता.

रात्री पलायनाचे तीन प्लॅन तयार केले.
अ: मागचं फाटक. किल्ली माझ्याकडेच असते.
ब: कापसाच्या गासडीत लपून मालगाडीनं पसार.
क: वेशांतर. हेड ऑफिसनं पेटी दिली आहे. मी साधूचा वेश मागितला होता. सांगलीची एक नाटक कंपनी बुडाली, तिच्या लिलावात पोतराजाचा मिळाला. घागरा, घुंगरू, केसांचा टोप आणि आसूड. क ची वेळ येणार नाही. अ आणि ब अभेद्य आहेत.

संकल्प: उद्यापासून पहाटे शंभर जोर.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार. उसात. सायंकाळी ६

(जोर काढले नाहीत. काल अंग जड होतं.)

आज बाजारचा दिवस. दुपारी दोन-दहाला कोंडीबा काट्यावर कापूस जोखत होता. जोखता जोखता त्यानं पोत्यातून बंदूक काढली आणि माचावरच्या बंदूकवाल्याला गोळी घातली. तो वरून सरळ खाली आला. मी दहापर्यंत आकडे मोजले. उठला नाही.

मग सगळीकडूनच माणसं. गाड्यांतून, गासड्यांमागून, तारेखालून. फाटकावरच्या दोघा पहारेकऱ्यांची डोकी एकमेकांवर आपटली, नारळ फुटावा तसा आवाज. गासड्या दाबायच्या प्रेसजवळ मुकादमाचा हात लोखंडी दांड्यानं कोपरातून उलटा केला. रंगूबाईनं उलथन्यानं तिसऱ्या पहारेकऱ्याचं कपाळ फोडलं आणि तव्यावरची भाकरी करपायच्या आत उलटली. मी हे सर्व निरीक्षण टेबलाखालून केलं.

टेबल लालासाहेबांचं. तेही खालीच होते. त्यांनी डोळे मिटून बंद दारावर पिस्तुलाच्या सहा गोळ्या झाडल्या. दार उघडलं तेव्हा बाहेर हंबीरराव पडलेला. साहेबांना वाचवायला आला होता. गोळी मांडीतून आरपार. लालासाहेबांना पाय धरून बाहेर ओढलं तेव्हा त्यांनी माझा घोटा पकडला होता. सोडवून घ्यावा लागला. दातानं.

प्लॅन अ: किल्ली दुसऱ्या कोटात राहिली.
प्लॅन ब: कापूस पेटला होता.
प्लॅन क: उत्तम पार पडला. खोलीत घागरा नेसलो, टोप चढवला, निघालो. पडवीत हंबीरराव रक्ताच्या थारोळ्यात. मला बघून म्हणाला, "तात्या, वाईच हात द्या. पायाला घट्ट कायतरी बांधा." वेशांतरात असताना स्वतःच्या नावाला ओ द्यायची नाही, हा ट्रेनिंगचा पहिला नियम. पाळला. त्याच्यावरून उडी मारली. घुंगरू वाजले.

गोदामापाशी धान्याची पोती फोडून तारेबाहेरच्या बायांच्या टोपल्या भरणं चाललं होतं, चक्क रांगेत. एकजण ओरडला, "आरं पोतराज आलाय! वाजीव की गड्या, मरीआईच्या नावानं!" शंका नको म्हणून आसूड फिरवून पाठीवर मारला. ब्रह्मांड आठवलं. सगळे खूश. "आजून येक!" अजून एक मारला. पाच झाल्यावर वाट दिली.

सुटलो. तळपाय शाबूत.

१९ फेब्रुवारी, शनिवार

सातारा उत्तरेला आहे, म्हणून शत्रूला चकवण्यासाठी मी दक्षिणेला निघालो. नावेतून कृष्णा ओलांडली. नावाड्यानं भाड्याऐवजी तीन फटके मागितले. दिले.

पहिल्याच गावात एक आजारी मूल पायाशी ठेवलं आणि म्हणाले, म्हणा काहीतरी. मला मरीआईचं एकही गाणं येत नाही. कंपनीचे हजेरीचे नियम एक ते चौदा सुरात म्हटले आणि प्रत्येक नियमाला एक फटका. मुलाचा ताप उतरला म्हणे. त्यामुळे गल्लीतली आणखी चार मुलं आणली.

पाठीला सदरा चिकटतो. सदरा नाही हे नंतर लक्षात आलं.

२१ फेब्रुवारी, सोमवार

हिशेब सोपा आहे. खबऱ्याला मारतात जास्तीत जास्त एकवीस. मी आजवर मारून घेतले सुमारे एकशे नव्वद. पण ते पाठीवर, आणि स्वखुशीनं. ह्यात फरक आहे.

दुपारी वडाखाली एक खरा पोतराज भेटला. नाव गुंडा. माझी पाठ बघून त्यानं तोंडातला घास खाली ठेवला. "कोन गुरू तुजा?" मी म्हणालो, सातारचे. त्यानं माझा आसूड हातात घेऊन वजन केलं. "ह्यो बैल हाकायचा हाय, येड्या." मग त्याचा स्वतःचा फिरवून दाखवला. बंदुकीसारखा आवाज, अंगावर वळसुद्धा नाही. "आवाज हवंत काडायचा. पाठीवर न्हवं." शिकवू का, म्हणाला. मी नकार दिला. व्यावसायिक माणसानं रस्त्यावरच्या कुणाकडून शिकू नये.

त्यानं पाठीला हळद-तेल लावलं. लावताना मोठ्यानं हसत होता. कोंडीबाला काही निरोप देऊ का, असंही विचारलं. ऐकलं नसल्यासारखं केलं.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

आष्ट्याजवळ. शिकवायला हवं होतं त्यानं.

२४ फेब्रुवारी, गुरुवार

पकडलं. तेही नाट्यमय वगैरे नाही. फटके मारता मारता मीच चक्कर येऊन पडलो आणि ज्यांनी उचललं ते भूमिगत निघाले. म्हणाले, परवापासून मागंच हाओत, तुमचा खेळ संपंस्तवर थांबलो.

गुऱ्हाळावर न्यायनिवाडा. चुलवाणापाशी कोंडीबा पंच म्हणून बसलेला. आधी मला गरम गुळाचा खडा दिला. म्हणाला, "तात्या, तुमचं समदं रिपोर्ट म्याच वाचलं. अक्षर लय ग्वाड. कंपनीत सगळ्यात इमानी कोन, तर कोंडीबा! आवं, वाचून आमच्या पोरांची हसून पोटं दुकली." पोरं पुन्हा हसली. जोतीराम हसला नाही. हसला असता तर दात दिसले नसते.

गुन्हे दोन. जोतीरामाचे दात, शिक्षा एकवीस पत्र्या. आणि जखमी माणसाला ओलांडून पळणं. त्या दिवशी हंबीररावाचं रक्त रंगूबाईनं लुगडं फाडून, पाय आवळून थांबवलं. तो आता इथंच मळ्यावर बहिणीच्या घरी आहे. ह्या दुसऱ्या गुन्ह्याला शिक्षा काय ते ठरेना. मी म्हणालो, नियमानुसार वेशांतरात... कोंडीबा म्हणाला, "थांबा." मग निकाल दिला. हंबीरमामाला एक दिवसाआड जखम धुवायला आष्ट्याच्या दवाखान्यात न्यायचं, वाट कोसभर. बैलं गुऱ्हाळाला जुपलेली. "तवा मामा चालंस्तवर तुमीच त्येंचं पाय. पाठुंगळीवर न्यायचं. आनि मामा चालाय लागलं, की तुमचं तळवं बघू. आत्ताच फोडलं तर मामाला न्याचं कुनी?"

म्हणजे आजमितीस तळपाय शाबूत. वाटाघाटीत मी फारसा बोललो नाही, त्याचाच परिणाम.

२७ फेब्रुवारी, रविवार

हंबीरराव अडीच मण तरी असेल. सगळा भार नेमका पाठीच्या सालट्यांवर. पहिल्या शेताच्या बांधावर मी ओरडलो. तो कानाशी म्हणाला, "दुकतंय व्हय? मलाबी."

परतताना त्यानं बसऱ्याची गोष्ट सांगितली. तिथं एका गोऱ्यानं त्याला दोन मैल असंच वाहून आणलं होतं, नाव गाव माहीत नसताना. मी विचारलं, त्या गोऱ्याला शिक्षा होती का? हंबीररावानं माझ्या गळ्यातला एक हात सोडून वाटेकडे बोट केलं. मग म्हणाला, "तात्या, डावीकडनं चला. खड्डा हाय."

९ मार्च, गुरुवार

पळून जायचा प्लॅन ड: वाटेत त्याला ठेवून उसात शिरणं. आज ठेवलंही. दहा पावलं गेलो. त्यानं हाक मारली नाही. मागे वळून पाहिलं तर बांधावर पाय पसरून तंबाखूची चंची उघडत होता. परत आलो. उसाची पात फार धारदार असते, उघड्या पाठीला लागते.

हेड ऑफिसचं पत्र कोंडीबानं आणून दिलं, फोडलेलं. नेमणूक रद्द. लालासाहेबांनी जबानी दिली आहे की त्यांना चावणारा इसम मीच.

डॉक्टर म्हणाले, जखम झकास भरतेय. मी विचारलं, इतक्या घाईनं भरणं बरं का? डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं.

संकल्प: हंबीररावाला रोज विश्रांतीचं महत्त्व पटवून देणं.

२३ मार्च, गुरुवार

पहाटे परसात गेलो. धुक्यातून कुणी चालत येत होतं, हातात तांब्या, काठी नाही. हंबीरराव. लंगडत नव्हता. मला पाहून थबकला.

आत त्याची बहीण चूल पेटवत होती. गुऱ्हाळाच्या बाजूनं पोरांचे आवाज यायला लागले होते.

मी त्याच्याकडे पाठ केली आणि खाली बसलो. म्हणालो, "हंबीरराव, बसा."

"आवं पन तात्या, म्या चालतूय की आता."

"हळू बोला."

मग तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला आणि गळ्यात हात पडले. उठताना गुडघे वाजले. फाटकापर्यंत आल्यावर तो कानाशी म्हणाला, "आज दवाखाना न्हाई. शिराळ्याला आमचं पावनं हायती. लय दिस गाठ न्हाई."

शिराळा इथून सात कोस. मी म्हणालो, चला.